परतीचे दोर : दूरच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास

१/२५
नोव्हेंबर १९८२. मंगळाच्या एका मैदानावर उभ्या असलेल्या यंत्राला पृथ्वीवरून काही आज्ञा पाठवल्या गेल्या. यंत्राचे नाव 'वायकिंग १'. २० जुलै १९७६ रोजी ते तिथे उतरले होते आणि सहा वर्षांहून अधिक काळ मंगळाची छायाचित्रे व हवामानाच्या नोंदी पाठवत होते. आता त्याच्या बॅटऱ्या थकत चालल्या होत्या. त्या आणखी काही काळ तग धरून राहाव्यात, म्हणून चार्जिंगची सुधारित आज्ञावली तयार करून पाठवण्यात आली होती. हेतू आयुष्य वाढवण्याचा होता. त्यानंतर वायकिंगकडून पृथ्वीवर एकही संदेश आला नाही.

२/२५
झाले असे, की नवी आज्ञावली मेमरीत ज्या जागी जाऊन बसली, त्या जागी अँटेना पृथ्वीच्या दिशेने वळवण्यासाठी लागणारी माहिती होती. ती पुसली गेली. आपले घर आकाशात कुठे आहे, हेच यंत्र विसरले. अँटेना कुठल्या बाजूला वळला असेल याचा अंदाज बांधून पुढचे चार महिने त्याला हाका मारण्यात आल्या. उत्तर आले नाही. २००६ साली मंगळाभोवती फिरणाऱ्या एका यानाने वरून त्याचे छायाचित्र टिपले, तेव्हा ते उतरले होते तिथेच उभे होते.

३/२५
मित्रहो, आजचा धागा या घटनेच्या निमित्ताने एका साध्या प्रश्नाचा मागोवा घेणार आहे : जे यंत्र आपल्या हाताच्या टप्प्यात नाही, त्याची आज्ञावली बदलायची कशी? हा प्रश्न केवळ अंतराळाचा राहिलेला नाही. चौकातला कॅमेरा, घरातला राउटर, मोटारीतला संगणक, पवनचक्कीवरचा मोडेम, दाराचे स्मार्ट कुलूप अशी असंख्य यंत्रे आज स्वतःच्या जागी बसून स्वतःच गणिते करतात. माहिती दूरच्या केंद्राकडे पाठवून उत्तराची वाट पाहण्याऐवजी ती जिथे निर्माण होते तिथेच, म्हणजे जाळ्याच्या काठावर, तिच्यावर प्रक्रिया होते. यालाच 'एज कॉम्प्युटिंग' म्हणतात.

४/२५
हे काठावरचे संगणन मानवाने सर्वप्रथम गांभीर्याने केले ते अंतराळात, आणि तेही नाइलाजाने. पृथ्वीवरून मंगळापर्यंत रेडिओ संदेश पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार साधारण तीन ते बावीस मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत यान कोसळूही शकते. म्हणून निर्णय तिथल्या तिथे घेणारा संगणक यानावरच ठेवावा लागला. आणि संगणक दूर गेला, की त्याच्या चुकाही दूर जातात. त्या दुरुस्त करण्यासाठी तिथे कारागीर पाठवता येत नाही. केवळ शब्द पाठवता येतात.

५/२५
सुरुवातीला तर शब्दही फारसे पाठवता येत नव्हते. अपोलो यानांच्या मार्गदर्शक संगणकाची मुख्य आज्ञावली अक्षरशः विणलेली होती. तांब्याची तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, कड्याबाहेरून नेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्री कामगार हे विणकाम करत. अशा कायमस्वरूपी मेमरीत ३६,८६४ शब्द मावत. बदलता येण्याजोगी मेमरी होती फक्त २,०४८ शब्दांची. एकदा विणलेली आज्ञावली बदलायची म्हणजे वीण उसवायची. त्यामुळे उड्डाणाच्या कित्येक महिने आधीच आज्ञावलीवर अखेरचा हात फिरवून ती कारखान्याकडे सोपवावी लागे.

६/२५
तरीही प्रसंग आलाच. फेब्रुवारी १९७१ मध्ये 'अपोलो १४'चे अवतरणयान चंद्राभोवती फिरत असताना 'अवतरण रद्द करा' हा संकेत मधूनमधून आपोआप उमटू लागला. बटण कुणी दाबले नव्हते; दोष त्या बटणातच होता. प्रत्यक्ष उतरताना तो संकेत आला असता, तर संगणकाने तो खरा मानून यान पुन्हा वर नेले असते. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील डॉन आइल्स या तरुण प्रोग्रामरला उपाय शोधायला जेमतेम दोन तास मिळाले. विणलेल्या आज्ञावलीला हात लावणे अशक्य होते. म्हणून त्याने त्या लहानशा बदलत्या मेमरीतील काही आकडे असे बदलवले, की संगणकाने त्या बटणाकडे लक्षच देऊ नये.

७/२५
ते आकडे ह्यूस्टनहून तोंडी सांगितले गेले आणि एडगर मिचेल या अंतराळवीराने ते कळफलकावरून भरले. चंद्रावरचे अवतरण सुखरूप पार पडले. दूरस्थ दुरुस्तीच्या इतिहासात हा प्रसंग महत्त्वाचा आहे. तथापि यानात माणूस होता, हे विसरून चालणार नाही. आकडे वाचून दाखवणारा इकडे आणि ते भरणारा तिकडे. मानवरहित यानात असा मिचेल नसतो. तिथे यंत्रालाच स्वतःवर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तीही शुद्धीवर राहून.

८/२५
हे यशस्वीपणे करून दाखवले ते व्हॉयेजर यानांनी. १९७७ साली निघालेल्या या जुळ्या यानांच्या संगणकांची सगळी मेमरी मिळून सुमारे ७० किलोबाइट. आज फोनवर आलेल्या एका छायाचित्रालाही ती अपुरी पडेल. परंतु ती नव्याने लिहिता येत होती. 'व्हॉयेजर २' जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळ पोहोचले, तोवर अंतर इतके वाढले होते, की पूर्वीइतकी माहिती पाठवणे शक्य नव्हते. मग वाटेतच त्याला नवी विद्या शिकवली गेली : छायाचित्रातील प्रत्येक बिंदूची पूर्ण नोंद न पाठवता शेजारच्या दोन बिंदूंमधला फरक तेवढा पाठवायचा.

९/२५
म्हणजे युरेनस आणि नेपच्यूनची जी जवळून घेतलेली छायाचित्रे आपण शाळेच्या पुस्तकांत पाहिली, ती पृथ्वीवरून निघालेल्या व्हॉयेजरने जशीच्या तशी पाठवली नसती. ती पाठवण्याचे कौशल्य त्याला प्रवासात मिळाले. इथे एक मोठा विचार रुजला : यंत्र पाठवले म्हणजे काम संपले असे नाही. ते जितके दिवस चालणार आहे, तितके दिवस कुणीतरी त्याच्याकडे लक्ष ठेवायचे आहे. नेमका हा विचार पुढे कसा निसटला, ते आपण पाहणार आहोत.

१०/२५
आता वायकिंगकडे परत येऊ. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मागे फिरण्याची वाटच नाही म्हटल्यावर मावळे त्वेषाने लढले. युद्धात हे धैर्य ठरते. यंत्राच्या बाबतीत तोच घात ठरतो. वायकिंगला पाठवलेल्या आज्ञेने जे पुसले, त्यावरच पुढची प्रत्येक आज्ञा पोहोचणे अवलंबून होते. चूक मोठी नव्हती. ती कळली असती तर दुसऱ्या दिवशी सुधारताही आली असती. परंतु ज्या दोराने सुधारणा वर जायची, तोच कापला गेला होता.

११/२५
सहा वर्षांनी सोव्हिएत संघालाही हाच धडा मिळाला. जुलै १९८८ मध्ये मंगळाच्या उपग्रहाकडे निघालेल्या 'फोबोस १' या यानाला ऑगस्टअखेर आज्ञांचा एक संच पाठवण्यात आला. त्यात एका चिन्हाची चूक होती. त्या चुकीमुळे जमिनीवरील चाचणीसाठी लिहिलेला आणि मेमरीत तसाच राहून गेलेला एक जुना कार्यक्रम जागा झाला. त्याने यानाची दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद केली. सौरपंख सूर्यापासून फिरले, बॅटऱ्या रिकाम्या झाल्या, आणि २ सप्टेंबरला ठरलेल्या वेळी यानाने साद दिली नाही. ज्याची आता गरज नाही असे वाटते, ते आत ठेवून देण्याची किंमत इतकी मोठी होती.

१२/२५
याच्या अगदी उलट कथा १९९७ ची. ४ जुलैला 'मार्स पाथफाइंडर' मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. कारण समजून घेण्यासाठी एक कचेरी डोळ्यांसमोर आणा. दफ्तराची किल्ली एका कारकुनाच्या हाती आहे. साहेब दफ्तरासाठी दाराशी खोळंबले आहेत. आणि मधल्या हुद्द्याची माणसे कारकुनाला बाजूला सारून आपलीच कामे उरकून घेत आहेत. कारकुनाला पुढे सरकता येईना, म्हणून किल्ली सुटेना. किल्ली सुटेना, म्हणून साहेब ताटकळलेले. यानावर कारकुनाच्या जागी हवामानाच्या नोंदी घेणारे कमी अग्रक्रमाचे काम होते.

१३/२५
वेळेत काम झाले नाही, की यानावरचे 'वॉचडॉग' नावाचे पहारेकरी घड्याळ सगळी यंत्रणा नव्याने सुरू करत असे. त्यामुळे त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई, पण यान हातचे जात नसे. कॅलिफोर्नियातील जेपीएल प्रयोगशाळेत तशाच संगणकावर अभियंत्यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणला आणि कारण शोधले. उपाय होता एक खूण बदलण्याचा : किल्ली जोवर कारकुनाच्या हाती आहे, तोवर त्याचा मान साहेबांइतकाच. हा बदल मंगळावर पाठवण्यात आला आणि यान सुरळीत चालू लागले. इथे दोर शाबूत होता. चूक झाली तरी मागे येण्याची सोय आधीच केलेली होती.

१४/२५
२००४ साली 'स्पिरिट' रोव्हरने हेच पुन्हा सिद्ध केले. उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या फ्लॅश मेमरीत इतक्या फाइली साठल्या, की सुरू होताच संगणक कोलमडे, पुन्हा सुरू होई, पुन्हा कोलमडे. झोप न मिळाल्यामुळे बॅटरी उतरत चालली होती. परंतु फ्लॅश मेमरीला न शिवता सुरू होण्याचा एक अडगळीतला मार्ग रचनाकारांनी ठेवला होता. त्या मार्गाने आत शिरून अभियंत्यांनी घर साफ केले. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेला तो रोव्हर २०१० पर्यंत बोलत राहिला.

१५/२५
आता पृथ्वीवर उतरू. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत फ्लॅश मेमरी आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले, की यानातला संगणक शोभावा असा संगणक कॅमेऱ्यात, दिव्यात आणि कुलपात बसू लागला. मात्र एक फरक होता. यानामागे वर्षानुवर्षे जागणारी माणसे होती. दुकानातून घरी आलेल्या कॅमेऱ्यामागे कुणीही नव्हते. विकणाऱ्याच्या दृष्टीने विक्री झाली तिथे संबंध संपला. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती वस्तू पंख्यासारखी होती, एकदा भिंतीवर लावली की झाले. व्हॉयेजरने शिकवलेला विचार निसटला तो इथे.

१६/२५
परिणाम २०१६ च्या शरदात दिसला. 'मिराई' नावाची एक आज्ञावली इंटरनेटवर फिरू लागली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ 'भविष्य'. ती फारशी चतुर नव्हती. कारखान्यातून निघताना यंत्रांना दिलेल्या साठेक नाव-संकेतशब्दांच्या जोड्या ती एकामागून एक लावून पाही. तेवढ्यानेच लाखो कॅमेरे, राउटर आणि व्हिडिओ साठवणारी यंत्रे तिच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांच्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला चढवला. संकेतस्थळांचे पत्ते सांगण्याचे काम ही कंपनी करत असे. अमेरिकेच्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट काही तास दिसेनासे झाले.

१७/२५
मिराई यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीतच राहत असे. यंत्र बंद करून सुरू केले, की ती नाहीशी होई. पण थोड्याच वेळात ती पुन्हा शिरे, कारण दार तसेच उघडे होते. अनेक यंत्रांचा संकेतशब्द आतल्या आत पक्का ठोकलेला होता. मालकाला तो बदलता येत नव्हता आणि बदल पाठवण्याची वाट निर्मात्याने ठेवली नव्हती. मग उरला एकच उपाय : यंत्रच परत मागवणे. चीनमधील एका निर्मात्याने तसे जाहीरही केले. म्हणजे अपोलोच्या विणलेल्या दोरखंडापाशी आपण फिरून पोहोचलो होतो, आणि या वेळी कुठल्याही नाइलाजाविना.

१८/२५
आपल्याकडच्या हस्तलिखितांचा इतिहास ज्यांनी चाळला आहे, त्यांना ही अडचण अनोळखी वाटणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. परंतु एक प्रत शुद्ध झाली म्हणून गावोगावच्या पोथ्या आपोआप शुद्ध होत नाहीत. नवी प्रत तिथवर न्यावी लागते, जुनी बाजूला ठेवावी लागते, आणि नवी प्रत खरोखर त्यांचीच आहे अशी खात्रीही पटावी लागते. यंत्रांच्या अपडेटचे तीनही प्रश्न हेच आहेत : पोहोचवायचे कसे, बदलायचे कसे, आणि विश्वास ठेवायचा कुणावर.

१९/२५
पहिला प्रश्न पोहोचवण्याचा. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी धावती जीप दुरून ताब्यात घेता येते हे दाखवून दिले. कंपनीने चौदा लाख मोटारींसाठी दुरुस्ती जाहीर केली आणि मालकांना टपालाने यूएसबी पाठवले. हल्ला हवेतून पोहोचत होता आणि उपाय पोस्टमनच्या पिशवीतून! तीन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, टेस्लाने 'मॉडेल ३'च्या ब्रेकची आज्ञावली मोटारी घरी उभ्या असतानाच बदलली. तासाला साठ मैलांच्या वेगावरून थांबण्याचे अंतर एका ग्राहक नियतकालिकाच्या चाचणीत १५२ फुटांवरून १३३ फुटांवर आले.

२०/२५
दुसरा प्रश्न बदलण्याचा. ऑगस्ट २०१७ मध्ये 'लॉकस्टेट' या अमेरिकी कंपनीने एका जातीच्या स्मार्ट कुलपांना दुसऱ्या जातीची आज्ञावली पाठवली. सुमारे पाचशे कुलपे निकामी झाली. त्यांचे कळफलक मुके झाले आणि इंटरनेटशी संबंध तुटला, त्यामुळे दुरुस्तीही पाठवता येईना. ग्राहकांना कुलपाचा भाग खोलून टपालाने कंपनीकडे धाडावा लागला. वायकिंगचीच ही घरगुती आवृत्ती. म्हणून आता चांगल्या यंत्रात मेमरीचे दोन कप्पे असतात. जुनी आज्ञावली एका कप्प्यात चालू राहते, नवी दुसऱ्यात उतरते. नवी नीट सुरू होऊन केंद्राशी बोलली तरच ती कायम होते; नाहीतर पहारेकरी घड्याळ यंत्राला जुन्या कप्प्यात परत आणते. परतीचा दोर तो हाच.

२१/२५
याच्या जोडीला दुसरी शिस्त आली : सगळ्यांना एकदम पाठवायचे नाही. आधी थोड्या यंत्रांना, मग वाट पाहून उरलेल्यांना. ही शिस्त मोडली तर काय होते, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल एकाच वेळी सर्वत्र पाठवली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोलमडले होते. सुरूच होत नसलेला संगणक दुरून दुरुस्त कसा होणार? माणसांना एकेका यंत्रापाशी जावे लागले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते त्याच दिवशी.

२२/२५
तिसरा प्रश्न विश्वासाचा, आणि तो सर्वांत जुना आहे. शिवकालीन पत्रांत आरंभी राजमुद्रा असे आणि शेवटी मर्यादेची मुद्रा. पत्र कुणाचे हे पहिली सांगे, आणि खाली कुणी ओळ घुसडू नये याची काळजी दुसरी घेई. अपडेटवरची डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे करते. परंतु शिक्क्याची पेटीच शत्रूच्या हाती गेली तर? २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच 'नॉटपेट्या' पसरले. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प झाली, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिचे टर्मिनलही त्या तडाख्यातून सुटले नाही.

२३/२५
२४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्या पहाटे, हल्लेखोरांनी वायासॅट कंपनीच्या उपग्रह जाळ्याच्या व्यवस्थापन यंत्रणेत शिरून हजारो मोडेमना मेमरी पुसणाऱ्या आज्ञा दिल्या. देखभालीच्या वाटेनेच मरण आले. जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रण केंद्राशी संपर्क तुटला. त्या मात्र फिरत राहिल्या, कारण त्यांचा रोजचा निर्णय त्यांच्याच जागी होत होता. काठावरच्या संगणनाचे बळ आणि त्याची दुखरी जागा एकाच प्रसंगात दिसते, असे हे उदाहरण आहे. कंपनीला जवळजवळ तीस हजार मोडेम नव्याने पाठवावे लागले.

२४/२५
मग जबाबदारी कुणाची, आणि किती वर्षे? हा प्रश्न आता कायद्यात आला आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच ठरावीक संकेतशब्द देऊन यंत्रे विकता येत नाहीत, आणि अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे विकतानाच सांगावे लागते. युरोपीय संघाचा सायबर सुरक्षेचा नवा कायदा २०२७ अखेर पूर्णपणे लागू होईल. यंत्राचे अपेक्षित आयुष्यच कमी नसेल तर किमान पाच वर्षे देखभाल करणे त्यात बंधनकारक आहे. भारतानेही २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचण्यांची अधिसूचना काढली. माझ्या वसतिगृहाच्या दारावरचा कॅमेरा या सगळ्याच्या आधीचा आहे. त्याच्या निर्मात्याचे संकेतस्थळ बंद पडून बरेच दिवस झाले. कॅमेरा मात्र अजून आम्हा सगळ्यांकडे पाहतो आहे.

२५/२५
शेवट व्हॉयेजरने करू. १४ नोव्हेंबर २०२३ पासून 'व्हॉयेजर १' निरर्थक माहिती पाठवू लागले. मेमरीची एक चिप निकामी झाली होती. तिथली आज्ञावली कुठल्याही एका मोकळ्या जागेत मावत नव्हती. म्हणून जुन्या कागदपत्रांतून मार्ग काढत अभियंत्यांनी तिचे तुकडे केले आणि ते वेगवेगळ्या जागी बसवून एकमेकांशी जोडले. १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा निघाला. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. २० एप्रिलला चोवीस अब्ज किलोमीटरवरून यान पुन्हा शुद्धीत बोलले. तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. ते घडवणाऱ्यांपैकी अनेक जण निवृत्त झाले होते. त्यांच्यामागून आलेल्या माणसांनी दोर धरून ठेवला होता, एवढेच. आज घरी गेल्यावर आपल्या राउटरला शेवटचे अपडेट कधी आले होते, ते एकदा पाहा. धागा इथे संपवतो.